सात-सात-सात

पोनिरानचा तो फोन चोरानंसुद्धा दुसऱ्या दिवशी आणून परत दिला असता. काच तडकलेली, बॅटरी फुगून पाठ वर आलेली, चार्जरची पिन जरा हलली की मेला बंद. पण सोलो शहराच्या कडेच्या त्या गल्लीत, जिथे घरटी एक माणूस बांबूचे पिंजरे बनवतो, पोनिराननं या फोनला जेवढं जपलं तेवढं स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यालाही जपलं नाही. फोन मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेला. शेजारी कापडानं झाकलेला पिंजरा, आत बागोंग नावाचा तरुण मुराई, ऐकलेलं गळ्यात उतरवणारा गाणारा पक्षी. आणि फोनमधून दिवसभर सेनोपाती, त्याचा आधीचा मुराई, गायचा. सेनोपाती मरून सहा महिने झाले होते.

मुराई पिसं गाळायला बसला की गप्प होतो. गप्प होतो, पण ऐकत असतो. त्या दिवसांत कानावर जे पडेल ते नव्या पिसांबरोबर त्याच्या गळ्यात उगवतं. म्हणून शौकीन माणसं तेव्हा पिंजरा झाकून त्याच्याशेजारी चांगल्या पक्ष्यांचं गाणं लावतात आणि कुणाचं लावलं ते बायकोलाही सांगत नाहीत. पोनिरानला तर सांगायला बायकोही उरली नव्हती.

खरं म्हणजे त्या गाण्यात बायकोच होती. लास्मी रोज सकाळी अंगण झाडताना शिट्टी वाजवायची. सासू ओरडायची, "बाईमाणसानं शिट्टी घातली की घरात साप येतो!" लास्मी म्हणायची, "येऊ दे की, आई, उंदीर तरी कमी होतील." चार सूर वर चढायचे, एक खाली यायचा, आणि शेवटी नुसतीच हवा, फुस्स. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून तिचा पुढचा दात अर्धा तुटला होता, तिथून ती हवा निसटायची. सेनोपातीनं ती शिट्टी उचलली ती त्या फुस्ससकट. स्पर्धेत परीक्षक कान टवकारायचे. नकला करणारे मुराई शेकड्यानं मिळतात, पण तुटक्या दाताची नक्कल कोण करतो?

लास्मी गेली. पुढच्या पावसाळ्यात सेनोपाती गेला. लास्मीची शिट्टी लास्मीच्या तोंडून कुणी कधी टिपलीच नव्हती, रोजचं कोण टिपून ठेवतं! राहिलं होतं ते सेनोपातीचं गाणं, त्या फोनच्या कार्डावर. पोनिरानची एवढीच इच्छा होती की बागोंगनं ते शिकावं आणि सकाळी अंगणात पुन्हा एकदा जिवंत गळ्यातून ती शिट्टी यावी. बक्षीसबिक्षीस गेलं खड्ड्यात.

आता फोनची भानगड. तो मेला कार्डाला हातच लावू देईना. गाणी वाजवणारं अॅप म्हणे, परवानगी नाही. पोनिराननं कशीतरी परवानगी द्यावी, पिन हलावी, फोन बंद पडून पुन्हा चालू व्हावा, की गाडी मूळपदावर. शेवटी तो फोन घेऊन मुगियोनोकडे गेला. मुगियोनो म्हणजे लंगोटीयार. एकाच कालव्यात दोघं पोहायला शिकले, एकाच मास्तराचा मार खाल्ला. पक्षीबाजाराच्या तोंडाशी त्याची फोनदुरुस्तीची टपरी, आणि गल्लीतलं वायफायही त्याच्याच घरून सगळ्यांना वाटलेलं. पूर्वी तोही पक्ष्यांचा वेडा होता. पण एकदा मांजरानं त्याचा पिंजरा फोडला, तेव्हापासून, "आपण सोडलं बाबा ते व्यसन," असं तो सगळ्या गल्लीला सांगायचा.

"कांग पोन," मुगियोनो म्हणाला. वयानं सहा महिनेच लहान, पण पोनिरानला तो कायम कांग, म्हणजे दादा म्हणायचा. "फोन तुझा, कार्ड तुझं, पण घरात हुकूम भलत्याचाच चाललाय. मी याला रूट करतो. म्हणजे किल्ल्या तुझ्या हातात. मग आत एक स्क्रिप्ट ठेवतो. फोन जागा झाला की तोंड धुवायच्या आधी तो ती वाचणार आणि तुझ्या फोल्डरचं दार उघडणार. शंभरदा बंद पडू दे, शंभरदा उघडणार."

"आणि दार काय सगळ्यांनाच उघडं?"

"खुळा की काय! तीन आकडे असतात, बघ. पहिला मालकाचा, दुसरा घरच्यांचा, तिसरा गावाचा. सात म्हणजे या, बसा, खा, घेऊन जा. शून्य म्हणजे चालता हो. तुझ्या फोल्डरला घालतो सात-शून्य-शून्य. मालक जेवणार, बाकी उपाशी."

"आणि सात-सात-सात घातलं तर?"

"गावजेवण!" मुगियोनो असा हसला की समोरचा कॉफीवालाही कारण न कळता हसला.

काम झालं. मुगियोनोनं मजुरी घेतली नाही. "लास्मीवहिनीच्या हातचं किती खाल्लंय मी," म्हणाला. पोनिरानचे डोळे भरून आले. त्यानं घरी जाऊन त्याच्यासाठी एक पिंजरा बनवला, चांगला कोरीवकामाचा. मुगियोनोनं तो हसत घेतला. पक्षी सोडलेल्या माणसाला पिंजरा कशाला, हे तेव्हा पोनिरानच्या डोक्यातही आलं नाही.

बागोंग मात्र नावासारखाच निघाला. बागोंग म्हणजे बाहुल्यांच्या खेळातला तो ढेरपोट्या विदूषक, सांगाल त्याच्या उलट करणारा. पिसं आली, शेपटी झुपकेदार आली, आणि गळ्यातून काय निघालं, तर शेजारच्या घरातल्या शिलाई मशीनचा आवाज. पोनिराननं कपाळाला हात लावला. "अरे भडव्या, एवढं सोन्यासारखं ऐकवलं आणि तू हे उचललंस?" बागोंगनं मान वाकडी करून पुन्हा मशीन चालवली. असो, म्हणाला पोनिरान, पुढच्या झडीला, पिसं पुन्हा गळतील तेव्हा बघू.

मग तो रविवार आला. पोनिरान स्पर्धेच्या मैदानाबाहेर चिंचेखाली पिंजरे विकायला बसला होता. आत मुराईंची फेरी चालू. वर टांगलेले पिंजरे, खाली झेंडे घेतलेले परीक्षक, दोरीबाहेर आपापल्या पक्ष्याच्या नावानं घसा फोडणारे मालक. एवढ्या गोंगाटात त्याला लास्मी ऐकू आली. चार सूर वर, एक खाली, फुस्स.

हातातला पिंजरा पडला. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, मोडला ना!" पोनिरान दोरीपर्यंत धावला. पुन्हा तेच. फुस्ससकट. पक्षी बोयोलालीच्या एका दूधवाल्याचा होता आणि पहिला आला. पोनिराननं त्याला बाजूला घेऊन विचारलं, हे गाणं पक्ष्याला कुठून आलं?

दूधवाला हसला. "काका, शिकवलेलाच विकत घेतला. कुणाकडून ते विचारू नका. तुम्ही सांगितलं असतं का?"

पोनिरान तडक मुगियोनोकडे गेला. जाणार कुणाकडे दुसऱ्या? टपरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. "गियो, माझ्या बायकोची शिट्टी रे! बाजारात विकली कुणीतरी. चार लोक टाळ्या वाजवत होते तिच्या तुटक्या दाताला."

मुगियोनोनं त्याला आल्याचा गरम काढा पाजला, पाठीवरून हात फिरवला. "भिंती बांबूच्या आहेत, कांग. गल्लीत उभं राहून कुणीही टिपलं असेल. नाहीतर घरातलाच कुणी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सादिनो येतो ना रोज कॉफी प्यायला? मी काही म्हणत नाही. पण त्याला मध्ये नवी मोटरसायकल कशी आली, हे गल्लीला कळलेलं नाही."

सादिनो म्हणजे लास्मीचा धाकटा भाऊ. बहीण गेल्यावरही रोज संध्याकाळी यायचा, बहिणीच्या जागेवर बसायचा, दोन शब्द बोलून जायचा. त्या संध्याकाळी पोनिराननं त्याला अंगणातूनच परत फिरवला. नुसता फिरवला नाही, नको नको ते बोलला. चोर म्हणाला, बहिणीला विकून खाणारा म्हणाला. सादिनो एवढंच म्हणाला, "दाजी, मोटरसायकल हप्त्यावर आहे," आणि गेला. हे सगळं चालू असताना मुगियोनो ओट्यावर बसून शेंगदाणे सोलत होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो नंतर म्हणाला. "आण तो फोन, खात्री करून देतो." त्यानं फोल्डरवर बोट दाबून धरलं, दोन-तीनदा काहीतरी टिचकावलं, मग आकडे दाखवले. "हे बघ. सात-शून्य-शून्य. कडेकोट." पोनिरानला हायसं वाटलं. असला मित्र कुणाला मिळतो, असं तो त्या दिवशी मशिदीत दोघाचौघांना सांगून आला.

काही दिवसांनी फोनची पिन हलली. फोन मेला, पुन्हा उठला. पोनिराननं सहज, नुसती सवय म्हणून, फोल्डरवर बोट दाबून धरलं.

सात-सात-सात.

त्याला वाटलं आपणच चुकून काही दाबलं. त्यानं मुगियोनोनं केलं तसंच करून शून्यं घातली. फोन बंद केला, चालू केला. सात-सात-सात. पुन्हा शून्यं, पुन्हा बंद, पुन्हा चालू. गावजेवण वाढलेलं तयार! त्यानं चप्पल पायात घातली आणि मुगियोनोला सांगायला निघाला, की अरे, फोन बिघडलाय बघ. फाटकापाशी त्याचे पाय थांबले. फोन जागा झाला की आधी काय वाचतो? स्क्रिप्ट. स्क्रिप्ट कुणी लिहिली?

तो परत आत आला आणि ती फाइल शोधून उघडली. अक्षरं इंग्रजी, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सात ओळखायला शाळा लागत नाही. तीन सात तिथे ओळीनं बसले होते. आणि त्यांच्या खालच्या ओळीत गल्लीच्या वायफायचं नाव होतं. ते नाव मुगियोनोनंच ठेवलेलं. म्हणजे फोन रोज सकाळी उठून आधी दार उघडत होता, आणि मग मुगियोनोच्या घरी निरोप धाडत होता की या, ताट वाढलंय.

तरी माणसाचं मन बघा कसं चिवट! पोनिरान स्वतःशीच म्हणाला, चुकलं असेल. लिहिताना बोट अडकलं असेल. तीनदा अडकलं असेल. वायफायचं नाव कशालातरी लागत असेल. चाळीस वर्षांची दोस्ती आहे, फोनच्या एका ओळीवर माणूस तोडायचा का? सादिनोला तोडला तेव्हा ओळसुद्धा नव्हती, हेही त्याला आठवलं. त्यानं दुसऱ्या दिवशी सादिनोच्या घरी केळी पाठवली. केळी परत आली.

मग त्यानं एक गोष्ट केली. चांगली नव्हे. आधी त्यानं सेनोपातीचं खरं गाणं दुसऱ्या कार्डावर उतरवलं आणि ते कार्ड तांदळाच्या डब्यात पुरलं. मग एक छोटा स्पीकर घेऊन तो घरामागच्या सिमेंटच्या वखारीत गेला. तिथे दिवसभर ट्रक मागे येत असतात, टूं, टूं, टूं करत. एका बाजूला सेनोपाती, दुसऱ्या बाजूला ट्रक, असं त्यानं आपल्या रोजच्या फोनवर टिपलं. शिट्टी, फुस्स, आणि लगेच टूं, टूं, टूं. हे त्यानं जुन्या फोनच्या फोल्डरमध्ये टाकलं, नाव दिलं "सेनोपाती, सर्वांत साफ." बाकी सगळं पुसलं. फोनचा आवाज बंद केला. सात-सात-सातला हात लावला नाही.

मुराईच्या गळ्यात एकदा ट्रक शिरला की तो पक्षी संपला. परीक्षक नाक मुरडतात, आणि शिकलेलं विसरवायचं औषध अजून निघालेलं नाही. पोनिरानला हे माहीत होतं. त्या रात्री त्यानं नमाजाला बसून माफी मागितली, पक्ष्याची. माणसाची नाही. आणि मनोमन हेही मागितलं की कुणी ती फाइल उचलूच नये. उचलून कुणी झाकल्या पिंजऱ्यांशेजारी तशीच वाजती ठेवली, शेवटपर्यंत ऐकायचीही तसदी घेतली नाही, असं होऊ नये. त्याला खोटं पडायचं होतं.

मधले महिने फार वाईट गेले. मुगियोनो यायचा, ओट्यावर बसायचा, "सादिनोनं माफी मागितली का?" विचारायचा. पोनिरान त्याला कॉफी द्यायचा. हसायचा. त्याच्या शेंगदाणे सोलणाऱ्या बोटांकडे बघत राहायचा. ही बोटं आपल्या बरोबर लास्मीच्या कबरीवर माती टाकत होती, हे त्याला आठवायचं. शत्रूनं खड्डा खणला तर माणूस बघून चालतो. हा तर हाताला धरून नेणारा.

लास्मीचा हजारावा दिवस आला. त्या दिवशी सगळी गल्ली जमते, दुआ होते, आणि प्रत्येकाला घरी न्यायला भात-कोंबडीचा बरकतीचा डबा मिळतो. सादिनोला निरोप गेला होता, तो आला नाही. आणि दर वेळी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्यानं आमीन म्हणणारा मुगियोनोही आला नाही. ताप आहे म्हणे. न आलेल्याचा डबा त्याच्या घरी पोचवायचा ही रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोनिरान डबा घेऊन निघाला.

मुगियोनोनं दार अर्धंच उघडलं आणि त्या अर्ध्यात स्वतः उभा राहिला. ताप कसला, चांगला न्हाऊन-धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

"अरे कांग, कशाला त्रास घेतलास? दे इकडे. आत ये म्हटलं असतं, पण पसारा..."

आणि आतून, मागच्या खोलीतून, लास्मी झाडायला लागली. चार सूर वर, एक खाली, फुस्स. जिवंत गळा. इतका भरलेला, इतका ताजा, की पोनिरानच्या अंगावर काटा आला. क्षणभर तो सगळं विसरला. राग विसरला, दार विसरला, समोरचा माणूस विसरला. त्याला वाटलं, पुरे, हेच तर ऐकायचं होतं.

टूं, टूं, टूं.

मुगियोनोचा चेहरा उतरला. त्यानं मागे पाहिलं, पुढे पाहिलं. पक्ष्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"तू घातलंस," मुगियोनो म्हणाला. "तू मुद्दाम घातलंस ते!"

"दार तू उघडं ठेवलंस, गियो."

"आज गिऱ्हाईक येतंय माझं! थेट सुरबायाहून! सगळी झड मी या पक्ष्यावर घालवली, आज पहिल्यांदा गळा उघडला त्यानं, आणि तू... मित्र ना रे आपण? असा घात?"

पोनिरान बघतच राहिला. चोराच्या उलट्या बोंबा त्यानं ऐकल्या होत्या, पण इतक्या मनापासून मारलेल्या पहिल्यांदाच. मुगियोनोच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं.

"किती विकलेस?" त्यानं विचारलं.

"असतील दोन-चार." मुगियोनोनं मान खाली घातली, मग एकदम वर केली. "पण तुझं काय गेलं, सांग ना? मी पुसलं का काही? फाइल जिथल्या तिथे होती! एक आवाज तो काय, कांग. ऐकल्यानं झिजतो का?"

"सादिनोला मी चोर म्हणालो. माझ्या अंगणात. तू शेंगदाणे सोलत होतास."

त्याच्या कोरीव पिंजऱ्यातला पक्षी, पोनिराननं स्वतःच्या हातांनी बनवलेल्या पिंजऱ्यातला, आत पुन्हा गायला लागला. पोनिराननं डबा उंबऱ्यावर ठेवला. बरकतीचं अन्न परत नेत नाहीत. "खा," तो म्हणाला. "तिच्या हातचं फार खाल्लंयस ना? हे शेवटचं." आणि वळला.

घरी येऊन त्यानं ती स्क्रिप्ट पुसली. फोन बंद केला, चालू केला. फोल्डरवर बोट दाबून धरलं. आता तिथे सात नव्हते, काहीच नव्हतं, फोन त्यालाही आत येऊ देईना. बरं झालं, म्हणाला पोनिरान. मग तांदळाच्या डब्यातलं कार्ड काढून रोजच्या फोनमध्ये घातलं, एक बरकतीचा डबा घेतला आणि सादिनोच्या घरी गेला.

सादिनो मोटरसायकल पुसत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"चूक माझी," पोनिरान उभ्याउभ्याच म्हणाला. "चोर दुसरा होता. मी त्याच्या शेजारी बसून तुला बोललो. मार मला हवं तर."

सादिनोनं फडकं चाकावर टाकलं. मग म्हणाला, "डब्यात कोंबडी आहे का नुसता भात?"

"कोंबडी आहे."

"बसा मग, दाजी."

दोघं पायरीवर बसले. सादिनोनं एक घास खाल्ला आणि विचारलं, "ताईची शिट्टी... आहे का अजून?" पोनिराननं फोन मधे ठेवला आणि खरं गाणं लावलं, ट्रक नसलेलं, डब्यात जपून ठेवलेलं. चार सूर वर, एक खाली, फुस्स. सादिनोनं डोळे मिटले. "दात!" तो म्हणाला आणि हसता हसता रडायला लागला. "पेरूच्या झाडाखाली मीच उभा होतो, दाजी. मीच म्हटलं होतं, वरचा काढ." त्याला बहीण सापडली होती, अख्खी, अंगणात, झाडू घेऊन.

"पुन्हा लावा," तो म्हणाला.

पोनिराननं पुन्हा लावलं. तोही डोळे मिटून ऐकत होता. सूर चढले, उतरले, हवा निसटली, आणि गाणं तिथेच साफ संपलं. पुढे काही नव्हतं. पण पोनिरानचे कान तिथे थांबले नाहीत. ते पुढच्या त्या तीन आवाजांची वाट बघत राहिले. त्यानं तिसऱ्यांदा लावलं, चौथ्यांदा लावलं, आणि प्रत्येक वेळी लास्मीच्या मागून तो ट्रक येतच होता.